कालची विभूती

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रसूतिगृहाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय गुरुबसप्पाअण्णा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सगळ्यांच्या डॉक्टरीणबाई वच्छलाताई करकंबकर, सिस्टर मायाक्का आणि त्यांच्या सर्व सहकारी भगिनी, लेकरं कडेवर घेऊन आलेल्या माझ्या आयाबहिणी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले त्यांचे मालक, या सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव पार्वतम्मा. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण आहे. मास्तरणीला बोलायला उभं केलं की तिला खाली बसवणं कठीण असतं, हे अण्णांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी मघाशीच माझ्या कानाशी येऊन 'थोडक्यात आवरा बरं का' असं बजावलं आहे. अण्णा, तुमचा शब्द मोडायचा माझा विचार नाही, पण भरवसाही देत नाही.

माझ्याआधी पुष्कळ मान्यवर बोलून गेले. सगळ्यांनी बाईंचा गौरव केला, तो योग्यच आहे. एका वक्त्यांनी त्यांना करुणेची मूर्ती म्हटलं. तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला, तो मी इथून पाहिला. खरं सांगा मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बाईंच्या शिव्या न खाल्लेलं कोण आहे? वेळेवर न आणलेल्या बाळंतिणीच्या नवऱ्याला त्यांनी 'बैल आजारी पडला असता तर इतका थांबला असतास का रे?' असं सगळ्या वॉर्डासमोर विचारलेलं मी ऐकलं आहे. तो नवरा आज इथे भिंतीला टेकून उभा आहे. लाजू नका, मी नाव घेत नाही.

पण याच बाईंची आणखी एक रीत होती. आमच्या लिंगायत घरांत बाळंतिणीला विटाळ मानत नाहीत. बाळंतीण असली तरी तिची रोजची लिंगपूजा चुकत नाही. सकाळी खाटेवर बसून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्यानं धुवायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं. तेवढ्यात बाईंचा राउंड यायचा. मागे सिस्टर, आया, कागद घेतलेली शिकाऊ मुलगी, सगळी वरात. एखादीच्या तळहातावर लिंग दिसलं की बाई जागच्या जागी थांबायच्या आणि वरातही थांबायची. पूजा संपेपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहत, आणि ती संपली की पुन्हा शिव्या सुरू. बाई आमच्या धर्माच्या नाहीत. त्यांना हे कुणी सांगितलेलंही नव्हतं.

आता मी जे सांगणार आहे ते सभेत सांगायची पद्धत नाही. पोट, टाके, पू असले शब्द हार-तुऱ्यांसमोर शोभत नाहीत. आमच्या मुख्याध्यापिकांनी येताना मला तसं सुचवलंही. पण मी त्यांना म्हटलं, ज्या बाईंनी आयुष्यभर हेच काम केलं त्यांच्या निरोपाला मी गुलाबाच्या फुलाबद्दल बोलू का?

माझं पहिलं बाळंतपण गावी झालं. गाव अक्कलकोटच्या पुढे, अगदी सीमेला लागून. माझी आई मी लहान असतानाच वारली, तेव्हा माहेरी जायचा प्रश्न नव्हता. माझे पती बसलिंगप्पा इथे सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला. घरात मी आणि माझ्या सासूबाई, सुंदरम्मा. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात, मीही तेच म्हणते. अत्तींचा गावात दरारा होता. त्यांनी 'बेडा' म्हटलं, म्हणजे नको म्हटलं, की पाटलाचीही पुढे बोलायची छाती नव्हती.

मूल आडवं होतं. सुईणीनं हात टेकले. शेजारच्या तिप्पण्णानं गाडी जुंपून दारात आणून उभी केली, अक्कलकोटला नेऊ म्हणाला. अत्ती उंबऱ्यात उभ्या राहिल्या. 'बेडा,' म्हणाल्या. 'आमच्या घरातली बाई कदी दवाखान्यात गेली न्हाय. पोट फाडत्यात तितं. हितंच हुईल सगळं, शिव हाय.' तिप्पण्णानं गाडी सोडली नाही, जुंपलेलीच ठेवली. पण ती दारातून हललीही नाही. मुलगा झाला. तो रडला नाही.

त्यानंतर मी अत्तींशी बोलणं टाकलं. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान एकदा धूर निघून गेला असता. पण आम्ही शिकलेली माणसं! 'वाढू का?' आणि 'पाणी तापलंय' एवढ्यावर आमचा संसार चालला. पुढे मला इथे नोकरी लागली, बिऱ्हाड सोलापुरात आलं, आणि मी मनाशी म्हटलं, सुटले. पण असं सुटता येतं का हो? त्या माझ्या मनात घर करून बसल्या होत्या. कुणीतरी एकदा त्यांना तोंडावर सांगावं, की म्हातारे, तुझ्या हट्टापायी माझा मुलगा गेला, असं मला फार वाटायचं. माझ्याच्यानं ते झालं नाही.

दुसऱ्या वेळी मी सुरुवातीपासून बाईंकडे नाव घातलं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. ते वर्ष कसं होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर घागरींची रांग, खडी फोडायला गेलेली माणसं, आणि आपल्या या वॉर्डात पाण्याला कुलूप. दिवस भरले, कळा आल्या, आणि पुन्हा तोच प्रकार. मूल आडवं. बाईंनी पोटाला हात लावला आणि सरळ म्हणाल्या, 'सिझर करायला लागेल.' माझ्या पतींनी सही केली. मुलगी झाली, आणि ती रडली. अहो, अशी रडली की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या! ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी तिच्याबद्दल बोलतेय म्हणून डोळे वटारते आहे.

अत्तींना कळवलं, तशा त्या गावाहून आल्या. हातात गाठोडं, त्यात भाकरी, शेंगाची चटणी, आणि मठातून आणलेली विभूती. माझ्या खाटेखाली त्यांनी सतरंजी टाकली. नातीला मांडीवर घेऊन बसायच्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग मला ताप चढला. आधी सगळे म्हणाले दुधाचा असेल. पण टाक्यांच्या जागी ठणका लागला, आणि वास येऊ लागला. तो वास बाळंतिणीला स्वतःला आधी येतो आणि ती कुणाला सांगत नाही. मी सांगितलं नाही. मायाक्कांना पांघरूण बदलताना तो आला आणि त्या धावतच बाईंकडे गेल्या.

बाईंनी येऊन पट्टी सोडली. पट्टीच्या आत, टाक्यांच्या अंगाला, राखाडी रंगाचा चिखल होता. पू आणि त्यात कालवलेली विभूती. मधले टाके उसवून जखम उघडी पडली होती.

मायाक्का बाईंच्या तोंडाकडे बघू लागल्या. वॉर्डातल्या सगळ्या बायका बघू लागल्या. आता वीज कोसळणार! मीही डोळे मिटून घेतले. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंच वाटलं होतं. वाटलं, आज कुणीतरी अत्तींना त्यांच्या तोंडावर सांगणार.

हे कुणी केलं, असं बाईंनी विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरजच नव्हती म्हणा. अत्ती खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं पांढरी होती. माझा डोळा लागला की पट्टीखाली दोन बोटं सरकवून त्या विभूती लावत होत्या. पहिलं गेलं, आता दुसऱ्या वेळी सून जाऊ नये, म्हणून. त्यांच्यापाशी जे सगळ्यात पवित्र होतं, ते त्यांनी माझ्या जखमेत भरलं होतं.

बाई एवढंच म्हणाल्या, 'मायाक्का, मिठाचं पाणी उकळून कोमट करून आणा. मोठी पिचकारी आणा. हे सगळं धुऊन काढायला लागेल. रोज.'

झालं! 'पाणी' हा शब्द ऐकला मात्र, अत्ती पुढे झाल्या. मंडळी, आपल्याकडे काय सांगतात? जखमेला पाणी लागू देऊ नये, चिघळते. त्यात ही ओली बाळंतीण. गार वारा लागू नये म्हणून जिच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, तिच्या उघड्या पोटात पाणी ओतणार! आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मठातली विभूती धुऊन टाकणार!

'बेडा,' अत्ती म्हणाल्या. 'पानी न्हाय घालू द्यायची मी. धनुर्वात हुईल तिला. बसलिंगा, गाडी बघ. मरायचं असंल तर पोरगी आपल्या घरात मरंल.'

शेजारच्या खाटेवरची एकजण पुटपुटली, 'हितं प्यायला घोटभर न्हाय आन् ह्ये पोटात वततेत.' माझे पती अत्तींकडे बघत, बाईंकडे बघत मधेच उभे. सासू, सून आणि डॉक्टरीण एकत्र आल्या की पुरुषाचं काय होतं ते तुम्ही जाणताच. पण ते खरोखरच दाराकडे वळले होते. गेले असते तर त्यांनी गाडी आणली असती, कारण आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. आणि मी त्या गाडीतून गेले असते, तर आज हे भाषण झालं नसतं. मला हे तेव्हाही कळत होतं. पण टाकलेलं बोलणं माझ्याच्यानं मोडवेना एवढंच.

बाईंनी एक स्टूल ओढलं. 'आजी, बसा,' म्हणाल्या. अत्ती बसल्या नाहीत. मग बाई स्वतःच त्या स्टुलावर बसल्या.

'आजी, सकाळी पूजा झाली का?'

'झाली की.'

'लिंगाला विभूती लावायच्या आधी काय करता?'

'धुती की पान्यानं.'

'का? कालची लावलेली असतीच की. तिच्यावरच नवी का लावत न्हाई?'

अत्तींना हसूच आलं त्या अडाणीपणाचं. 'अय्यो, कालची कशी चालंल? कालची धुवायची, मंग आजची.'

'मग पोरीच्या पोटात कालची कशी चालंल, आजी?'

बाईंच्या आवाजात चढ नव्हता. करकंबच्या आहेत त्या, कुणाला जवळचं मानून बोलायला लागल्या की गावची बोली तोंडात येते. अत्ती गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीशी चाळा करत राहिल्या. मग विचारलं, 'त्ये पानी कुटं टाकनार? पायदळी यायची न्हाय विभूती.'

'पायदळी न्हाई येणार. ते घाण पाणी हाय, त्याला औषध घालून मागं खड्ड्यात पुरतो आमी. तुमाला दाखवते खड्डा.'

आणि दाखवला! वॉर्ड तसाच सोडून बाई त्या म्हातारीला घेऊन मागच्या अंगणात गेल्या, आणि खड्डा दाखवून आणला. परत आल्यावर अत्ती म्हणाल्या, 'धुवा. पर गार पानी नको.'

'मग कोमट हाय का न्हाई ते रोज तुमी बघायचं,' बाई म्हणाल्या. 'आधी हात धुवा, पार कोपरापर्यंत.'

त्या दिवसापासून माझी धुणी सुरू झाली. हसू नका, मायाक्का त्याला धुणीच म्हणायच्या. अंगाखाली रबरी कापड घालायचं, मला एका कुशीवर कलतं करायचं, खाली एनॅमलचं भांडं धरायचं. अत्तींनी मिठाच्या पाण्याची बाटली बाहेरून गालाला लावून बघायची आणि मान हलवायची. मग बाई पिचकारीनं पाणी सोडायच्या. जोरानं नव्हे. झाडाच्या मुळाशी आपण घालतो तसं, हलकेच पण भरपूर. भांड्यात आधी राखाडी पाणी पडायचं, मग पिवळट, मग गुलाबी. पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं नाही. कधी ते फसफसणारं औषध घालायच्या. पोटात पापड तळल्यासारखा आवाज यायचा आणि माझ्या तोंडून 'शिवा शिवा' निघायचं. वेदनेचं वर्णन मी करत नाही, इथे दिवस गेलेल्या मुली बसल्या आहेत. पण त्यांना घाबरवण्यासाठी नव्हे, तर सांगण्यासाठी म्हणते, की त्या वेदनेतूनही माणूस बाहेर येतो.

आणि पाणी? कुलपातलं पाणी पुरेना, तेव्हा बाईंच्या घरून हंडा येऊ लागला. त्या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरी पाण्याचं काय होत होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. बाई, तुम्ही मान हलवू नका. हंडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

पहिल्या दिवशी अत्तींनी तोंड फिरवलं होतं. बाई म्हणाल्या, 'न्हाई आजी, बघा. बघितल्याशिवाय कळणार न्हाई.' त्यांनी बघितलं. माझ्या पोटात वीतभर उघडं तोंड होतं. अत्तींच्या हातातली बाटली कलंडली, आणि त्या हळूच बोलल्या, 'ह्ये मी केलं.' बाई म्हणाल्या, 'टाके कशानं उसवले ते मी छातीठोकपणे सांगणार न्हाई. विभूतीनं बिघडलं हे खरं. आता बाटली नीट धरा.' त्यात दोष देणं नव्हतं आणि समजूत घालणंही नव्हतं. माणसाशी असं बोलता येतं, हे मी शाळेत शिकवत असूनही मला माहीत नव्हतं.

ताप उतरला. पाणी लवकर नितळ यायला लागलं. मग मी बाईंच्या मागे लागले, की आता टाके घाला, मिटवून टाका एकदाचं, मला घरी जाऊ द्या. तर बाई भडकल्या, चांगल्या नेहमीसारख्या भडकल्या. 'वरचं तोंड मिटायची लई घाई झालीय का तुला? वरून मिटली आणि आत पू राहिला, तर पुन्हा फाडायला मलाच यायला लागंल. तळातून भरून येऊ दे. तू मास्तरीण ना? पोराला उजळणी येत नसताना वरच्या वर्गात ढकलतेस का?' आणि मग एके दिवशी जखमेच्या तळाशी लालबुंद दाणे दिसले. नवं मांस. मायाक्कांनी आरसा धरून मला दाखवलं. बाई इतक्या खूष झाल्या, की वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन 'मास्तरणीच्या जखमेनं मांस धरलं' असं सांगत सुटल्या. बायका उठून मला बघायला येत होत्या, जशी काही माझी पुन्हा मंगळागौर होती.

या सगळ्या दिवसांत अत्ती आणि मी बोलत होतो का? नाही. 'कोमट हाय' असं त्या म्हणायच्या, मी 'हं' म्हणायचे.

अण्णा घड्याळाकडे बघताहेत. अण्णा, ज्याच्यासाठी मी उभी राहिले ते अजून सांगायचंच आहे. तेवढं सांगू द्या, मग तुम्ही घंटा वाजवा.

जखम भरली. घरी जायचा दिवस आला. मी साडी नेसून खाटेवर बसले होते, मुलगी पदराखाली पीत होती. माझे पती टांगा बघायला गेले होते. बाई शेवटचं बघायला आल्या, समाधानानं मान हलवली, आणि निघाल्या. तेव्हा अत्तींनी त्यांचा हात धरला. अत्ती कुणाचा हात धरणाऱ्यातल्या नव्हत्या.

'डॉक्टरीणबाई,' त्या म्हणाल्या, 'येक इचारती. आदी हिला मुलगा झालता. आडवा हुता. गाडी दारात हुती, मी जाऊ दिली न्हाय. त्या टायमाला तुमच्याकडं आनली असती, तर जगला असता का त्यो?'

मंडळी, मी किती वर्षं वाट बघत होते या प्रश्नाची. पण तो त्यांच्याही पोटात असेल, रोज रात्री त्याही तोच घेऊन निजत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काय उत्तर देईल कुणी? तुम्ही काय दिलं असतं? मी असते तर म्हटलं असतं, आजी, नशिबाच्या गोष्टी, तुमच्या हातात काय होतं. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता. समोर म्हातारी, सुनेच्या मांडीवर नात, सगळं गोड झालेलं. बाईंनी आपला हात सोडवून घेतला नाही.

'आजी,' त्या म्हणाल्या, 'खात्री कुणीच देत न्हाई. पण वेळेवर आणलं असतंत, तर बहुतेक जगला असता.'

अत्ती होत्या तिथेच खाली बसल्या. फरशीवर. त्यांनी तोंडात पदर धरला आणि त्या रडल्या. माझा मुलगा गेला त्या दिवशीसुद्धा त्या रडल्या नव्हत्या. आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? मला बाईंचा राग आला! इतकी वर्षं जे ऐकायला मी टपले होते ते कुणीतरी सांगितलं, आणि मला ते सोसेना. मी मुलीला खाटेवर ठेवलं, उतरले, अत्तींच्या शेजारी फरशीवर बसले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 'अत्ती, रडा,' एवढंच मी म्हटलं. मग मीही रडले. आम्ही दोघी त्या मुलासाठी एकत्र कधी रडलोच नव्हतो. टांगा आला, माझे पती दारात येऊन बघतात तो दोघी जमिनीवर. बाई त्यांना म्हणाल्या, 'थांब जरा बाहेर. त्यांचं चाललंय.'

त्यानंतरचं सांगते आणि संपवते. अत्ती गावी परत गेल्या. गावात कुणा पोरीला कळा लागल्या की ही म्हातारी त्या घरात जाऊन बसायची. सुईणीला विचारायची, मूल आडवं हाय का, किती येळ झाला. जरा अडलं की तिप्पण्णाला हाक. घरच्या म्हाताऱ्या आडव्या आल्या, आमच्या घरातली बाई कधी गेली नाही म्हणाल्या, की अत्ती उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायच्या, 'माजा नातू मी मारला. डॉक्टरीणबाईनं मला सांगितलंय. तुज्या घरात आनिक येक जाऊ द्यायची न्हाय मी.' पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला धस्स झालं. स्वतःबद्दल असं कुणी दारोदार सांगतं का? पण त्यापुढे कुणाचा हट्ट टिकायचा नाही. त्या गाडीतून अक्कलकोटपर्यंत आणि तिथून इथे आलेल्या कितीतरी जणी आज इथे बसल्या आहेत. मघापासून त्यांच्यातल्या काहीजणी डोळे पुसताहेत, त्यांना ठाऊक आहे मी कुणाबद्दल बोलतेय.

गेल्या श्रावणात अत्ती गेल्या. माझ्याच घरी, माझ्या हातचं पाणी पिऊन. शेवटी शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि बाईंसाठी एक सांगावा दिला. मी त्याच वेळी यायला हवं होतं. पण बाईंसमोर उभं राहून ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. आज बाई करकंबला कायमच्या निघाल्या, आता नाही तर कधीच नाही. म्हणून अण्णांच्या हातापाया पडून मी ही दहा मिनिटं मागून घेतली.

बाई, माझ्याकडे बघा. अत्तींचे शब्द आहेत, मी शुद्ध करून सांगत नाही.

'डॉक्टरीणबाईला सांग. त्या दिशी तुमी खोटं बोलला असता, तर मला झोप लागली असती. पर मंग मी घरातच बसून ऱ्हायले असते की. लई पोरी मेल्या असत्या. मला झोप न्हाय लागली, त्ये बरं झालं.'

व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी आणि आपण सर्वांनी हे सारं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. पोटाच्या आणि पुवाच्या गोष्टी भरसभेत बोलले, अध्यक्षांनी दिलेल्या वेळेपेक्षा बरीच जास्त बोलले, ते सारं पोटात घाला. आता बाईंच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे, तेव्हा पुढे बोलणं मलाच जमायचं नाही. नमस्कार करते.